प्रभाकरचा मुलगा

अल नहदा, शारजा
२१ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आप्पांस,
सूर्यकांतचा साष्टांग नमस्कार.

एगिलसाहेब मंगळवारी सकाळी रास अल खैमात वारले. त्यांची मुलगी सोल्वेग हिने आइसलँडहून स्वतः फोन करून सांगितलं. मी ज्यांचं आत्मचरित्र लिहून देत होतो, ते हे. आधी मासेमारी खात्याचे मंत्री, मग बँकेचे अध्यक्ष. २००८ साली बँक बुडाली आणि ते देश सोडून इकडे आले. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय.

आम्ही ठीक. सुचित्राची पाठ आता बरी आहे. मैथिली सारखी विचारते, "बाबा, इज आजोबा कमिंग ऑर नॉट?" त्याचं उत्तर फोनवर देववत नाही, म्हणून हे पत्र.

पहिल्या भेटीत मी 'सर' म्हटलं तर एगिलसाहेब हसले. "आमच्याकडे पंतप्रधानालाही नावानेच हाक मारतात. आडनाव नसतंच. स्वतःचं नाव आणि पुढे बापाचं, त्याला 'सोन' म्हणजे मुलगा जोडून."

मी म्हटलं, आमच्याकडेही बापाचं नाव असतं, मध्ये.

"मग तुझ्या कार्डावर ते कुठाय?"

"प्रभाकर," मी म्हणालो. "वडील वारले. शिक्षक होते."

आप्पा, असं म्हणालो मी.

म्हातारा काठी टेकून उठला आणि माझा हात धरून उभा राहिला. पुढे प्रत्येक भेटीत तुमची चौकशी. "काय हबीबी प्रभाकरसोन, वडील वर्गात छड्या मारायचे का?" मी रचून सांगत गेलो. घरी हे बोललो तेव्हा सुचित्रा म्हणाली, "परवा व्हिडिओ कॉलवर आप्पा खजूर मागत होते. मेलेल्या माणसाला खजूर कशाला?" 

बँक बुडाल्यावर सोल्वेगने बापाचं नाव टाकून आईचं लावलं. तिकडे तसं चालतं. एगिलसाहेब म्हणाले, "बँक बुडाली याचा राग नव्हता तिला. मी पळालो, याचा होता." मी ते टाईप केलं. मान वर केली नाही.

आपल्या गावची बँक बुडाली तेव्हा तुम्ही चेअरमन. रोज सकाळी दार उघडं टाकून ओटीवर बसायचात. शिव्या द्यायला आलेल्यालाही आधी पाणी. पळालो तो मी. "उन्हाळा संपू दे, मोठं घर घेऊ दे," म्हणत तुम्हाला इकडे आणणं टाळलं. इथल्या मराठी मंडळात आपल्या गावची चार घरं आहेत, त्यांच्यासमोर तुम्हाला कसं न्यायचं, एवढंच कारण.

शनिवारी सोल्वेग येतेय. रविवारी समुद्रकाठी छोटी सभा आहे, तिथे मी त्यांच्या पुस्तकातलं वाचायचंय. फोनवर म्हणाली, "माझ्या शेजारी बस. बाप जातो म्हणजे काय, हे तुला ठाऊक आहे." तेव्हाही मी विमानाची वेळ तेवढी विचारून घेतली.

तिला विमानतळावरून आणतानाच खरं सांगणार आहे. कदाचित मग ती मला वाचू देणार नाही.

तुमच्या व्हिसाचा अर्ज आज भरला. पुढच्या आठवड्यात येईल, इन्शाल्ला. यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. आलात तर मंडळाच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसू. शेजारचा अंकुर उद्या गावी निघालाय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि खजूर पाठवतोय.

तुमचा,
सूर्यकांत प्रभाकर