चव पाहिली, ठीक

२ मार्च
आले बाई एकदाची. ट्रंक खाली ठेवायच्या आधी स्वयंपाकघर पाहून घेतलं. उंच छत, तीन शेगड्या, खिडकीत भरपूर उजेड. या वृद्धाश्रमात चाळीस म्हाताऱ्यांचं रांधायचं, आणि त्यांतली एक माझी थोरली बहीण. अक्काच्या तोंडात दात नाही आणि वर्षभरात ती निम्मी झाली, म्हणून तर या वयात नोकरी धरली. मला पाहून म्हणाली, चला, आता तरी मिठाशी गाठ पडेल. आधीच्या स्वयंपाकीणबाई डिसेंबरात वारल्या म्हणे.

९ मार्च
इथली एक शिस्त फार आवडली. वाढण्याआधी स्वयंपाकिणीने चव घ्यायची, वहीत तसं लिहायचं, खाली सही करायची. व्यवस्थापक म्हणाले, तुमची जीभ म्हणजे आमचा पहारेकरी. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरं शिकले, पण सही झोकात करते.
अक्काला रोज दुपारी भाजलेले शेंगदाणे वाटून पातळ पेज देते. अंगी लागेल.

२१ मार्च
दाण्यांची पोती कोठीत ओल्या भिंतीला टेकून आहेत. तळचे दाणे सुरकुतलेले, काहींवर हिरवट भुकटी. फेकून द्या म्हटलं, तर कोठीवाला म्हणाला, मावशी, भाजलं की सगळं मरतं. पोतं टाकणं त्याच्या हातात नाही, आणि खरं सांगायचं तर अन्न टाकताना माझाही हात अडखळतो. मग तोड काढली. हिरवे दिसतात ते केरात. ज्यांची शंका येते ते एकेक चावून पाहायचे. कडू लागला की ती मूठच बाद. गोड लागला की अक्काच्या पेजेत. रोज दोन मुठी तरी होतात. थुंकणं जमत नाही, गिळून टाकते.

१८ मे
दमायला होतं हल्ली. जिन्याला कठडा लागतो. भूक मेली आहे. त्यातल्या त्यात बरं म्हणजे दाणे आताशा कडू निघत नाहीत. कोठीवाल्याला शाबासकी दिली.

६ जुलै
अक्काने पेज सरकवली. कडू आहे म्हणाली. मी चाखली, छान होती. म्हातारपणी तोंडाची चव जाते, म्हणून समजूत काढली. लहानपणी ती मला भरवायची तसं मांडीशी बसून भरवलं. डोळ्यांत पाणी आणून तिने गिळली. हट्टीच आहे.

२ ऑगस्ट
पुन्हा कडू. तिच्या शेजारी बसणाऱ्या घड्याळजींनी चमचाभर घेतली आणि थुंकली. औषध असेल तर आधी सांगत जा, म्हणाले. सगळे हसले. मला हसू येईना. कोठीवाल्याला विचारलं, नवीन पोती कधी आली? तो म्हणाला, नवीन कुठली, मावशी? मार्चपासून तीच आहेत.

३ ऑगस्ट
चवीच्या जुन्या वह्या काढल्या. माझ्याआधीच्या पाच बायका. प्रत्येकीचं आधी ठसठशीत: दाणे कडू, निवडले. मग कडू कमी. मग नुसतं: चव पाहिली, ठीक. ठीक. ठीक. शेवटी शेवटी सही ओळ सोडून खाली घसरते. मग नवं अक्षर.
माझी कालची सही पाहिली. घसरली आहे.

४ ऑगस्ट
पोती बाहेर ओढायला गेले आणि पडले. डॉक्टरांनी उजव्या फासळ्यांखाली दाबून पाहिलं. दगड बसलाय तिथे. काय खाता, विचारलं. सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. बुरशीचं विष भाजून जात नाही, शिजवून जात नाही, कडू लागेलच असंही नाही, म्हणाले. यकृत पोखरतं. मी अक्काचं विचारलं. त्यांनी चिठ्ठीवर तिचंही नाव लिहून घेतलं.
व्यवस्थापक म्हणतात, वर पत्र पाठवलंय, उत्तर येईपर्यंत निवडून वापरू.

२० सप्टेंबर
उठवत नाही. नवीन बाई आल्यात. खाटेवरून दिसतात, हसऱ्या आहेत. सुपातला एक दाणा चावतात, एक ठेवतात. हाक मारली, पोचली नाही. निरोप धाडला, नका खाऊ, नका घालू. उलटा निरोप आला — काळजी करू नका, मी एकेक दाणा चावूनच घेते.

२ ऑक्टोबर
नखं पिवळी. पेन जड.
अक्का आली. वाटी घेऊन. किती वेळा सांगितलं होतं तिला, पेजेला शिवू नकोस —
खाटेवर टेकली. लिहून होईपर्यंत थांबते म्हणाली. चमचा भरून तयार. चेहरा कसा शांत.
"अगं धाकटे, आता मुळीच कडू लागत नाही. आ कर बघू."
मान फिरवली. तिने हनुवटी धरली, लहानपणी धरायची तशी. ओठांना लागलीच. जीभ —
गोड आहे. अक्का, तू थांब, वाटी इकडे दे, तू नको —