बिरोबाच्या माळावरच्या उड्या

कडबनवाडी, ता. इंदापूर

प्रिय सुकन्या,

हे फोनवर सांगायला घेतलं असतं, तर तू “पाऊस आहे का?” विचारलं असतंस, मी “आहे” म्हणालो असतो आणि गेल्या दोन वर्षांसारखं बोलणं तिथंच संपलं असतं. म्हणून देहरादूनच्या पत्त्यावर पत्र.

पाऊस मात्र खरंच आहे. घट बसल्यापासून सूर्य दिसलेला नाही. बाजरीच्या कणसांना उभ्या रानात मोड आलेत. तसल्या पावसात परवा सकाळी आबांना घेऊन बिरोबाच्या माळावर गेलो. तुला राग येईल, तरी खरं लिहितो. आपला तो सहा एकर माळ सपाट करून ऊस लावायचं मी पक्कं केलं होतं. उघडीप पडली की सोपान ट्रॅक्टर आणणार होता. आबांची अट एकच, आधी देवाला कौल लावायचा.

आबांनी देवाच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. हात जोडतोय तोवर मोठी सर आली आणि दोन्ही फुलं एकदमच वाहून गेली. मी म्हणालो, परत लावू. आबा म्हणाले, “द्येवाला घाई न्हाय, तुलाच हाय. बस गप.” मग एकाच घोंगड्याखाली आम्ही दोघं बसलो, माळावरच्या धोंड्यांसारखे.

अर्धा तास गेला असेल. समोरच्या गवतातून बेडकासारखा आवाज आला आणि एक काळं पाखरू सरळ वर उसळलं. मला वाटलं, तित्तर. परत उसळलं, तेव्हा कानामागची लांब पिसं दिसली, टोकाला पसरट, मुंडावळ्या मागं फिरवल्यासारखी. सुकन्या, तणमोर! तुझ्या पाखरांच्या पुस्तकातल्या त्याच्या चित्राभोवती तू पेन्सिलीनं गोल काढून “आपल्या माळावर?” असं लिहिलं होतंस. घरी येऊन आधी ते पान काढलं, मग ओले कपडे बदलले.

आम्ही माणसं आहोत हे त्याला कळलंच नाही. वीस पावलांवर नाचत होता. एकवीस उड्या मी मोजल्या. आबांना हसू आवरेना, घोंगडं हलायला लागलं, शेवटी मी त्यांचं तोंड दाबलं. “ल्हानपणी मेंढरांमागं दिसायचं,” ते पुटपुटले, “मला वाटलं, समदी संपली.” फोटो नाही, फोन देवामागं पिशवीत होता. हळूच विचारलं, कौल परत लावायचा का? “आता आनि काय इचारतोस? उड्या मारून सांगतंय की!”

सोपानला नको म्हणून सांगितलं. “पाखरापायी ऊस सोडतोस व्हय?” म्हणाला. व्हय म्हटलं. आबा गावभर सांगत फिरतात की देवानं कौल दिला. मी मान डोलावतो. पण माळ राखायला हवा, हेच तू दोन वर्षांपूर्वी त्याच माळावर उभी राहून सांगत होतीस, आणि पाखरं बघून पोट भरत नाही, असं मी तुला चारचौघांत बोललो. तेव्हापासून तू घरी आली नाहीस. देवाला विचारायच्या आधी लेकीचं ऐकायला हवं होतं. माझं चुकलं, बाळा. पाऊस सरला की तणमोर निघून जातो, असं तुझं पुस्तक म्हणतं. लवकर ये. घोंगड्याखाली तिघं मावतात, आबांना विचारून ठेवलंय.

वाट बघणारा, तुझाच
आप्पा