माझी कंबर आणि उत्तर दिशा

४ जानेवारी, सकाळ

फील्ड सीझन सुरू. रेस्ट हाउसची मधली खोली मिळाली. नळाला पाणी आहे, खिडकीला काच नाही. टेकडी समोरच दिसते. आपलं कोण आलंय ते तिला कळलं असेलच.

यंदाचे संकल्प तीनच. चहा बिनसाखरेचा. पहाटे व्यायाम. आणि ड्रोनबाईशी वाद घालायचा नाही. (ड्रोनबाई म्हणजे आमची नवी ज्युनिअर. खडकाला हात न लावता आकाशातून फोटो काढते आणि त्याला जिऑलॉजी म्हणते. हा वाद नव्हे, नोंद आहे.)

निघण्याआधी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं होतं. म्हणाले, वय झालं, कंबर दुखते, आता फील्ड तरुणांना द्या आणि तळघरातलं म्यूझियम सांभाळा. म्हणजे दगडांना नंबर डकवत बसा. मी त्यांच्याच भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे माझा गेल्या सीझनचा नकाशा फ्रेम करून लावलाय. सगळे थर कवायतीला उभे केल्यासारखे एका दिशेत. इतका शिस्तीचा नकाशा ऑफिसात दुसरा नाही. म्हटलं, हा एक सीझन द्या. ते बघू म्हणाले. प्रमोशनच्या वेळीही बघू म्हणाले होते. अजून बघतायत.

४ जानेवारी, संध्याकाळ

हिचा फोन. पट्टा बांधला का, जेवलात का, दगड चाटलात का, या क्रमाने. दगड चाटल्याशिवाय काही खडक ओळखू येत नाहीत हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही हिला पटलेलं नाही.

पट्टा म्हणजे मेहुणीने गळ्यात मारलेला औषधी कंबरपट्टा. आत चुंबकाच्या चकत्या शिवल्या आहेत. त्यांनी म्हणे रक्त खेळतं राहतं आणि दुखणं पळतं. शास्त्रज्ञ म्हणून मी असल्या भोंदूपणाच्या ठाम विरोधात आहे. म्हणून शर्टाच्या आतून बांधतो.

७ जानेवारी

बिनसाखरेचा चहा घेऊन पाहिला. फील्डवर शरीराला साखर लागते, हा संकल्प घरी बसणाऱ्यांसाठी ठीक. व्यायामाचं म्हणाल तर टेकडी चढणं हाच व्यायाम. आज जीपने अर्धी चढलो.

कड्याचे फोटो काढले. खडकाचा आकार कळावा म्हणून फोटोत शेजारी काहीतरी ठेवावं लागतं. लहान दगडाला नाणं, मध्यमाला हातोडी, कड्याला माणूस. ड्रायव्हरला उभं केलं. त्याने विचारलं, रिपोर्टात नाव येणार का. समजावलं, की स्केलचं नाव देत नाहीत, उंची देतात. त्याची भरली पाच फूट नऊ. बिचारा हिरमुसला. शास्त्रात शिस्त असते, तिथे भावनांना वाव नसतो. मी स्वतः पाच फूट सात आहे हेही जाता जाता सांगून ठेवलं.

९ जानेवारी

ड्रोनबाईला फैलावर घेतलं. हातात स्टीलचं घड्याळ घालून थरांची दिशा मोजायला कंपास वाचत होती. सांगितलं, सुई भोळी असते, लोखंड जवळ आलं की त्याच्याच मागे जाते. मी तर हातोडीसुद्धा दहा पावलं लांब ठेवून मग रीडिंग घेतो. तिने मुकाट्याने घड्याळ काढून सॅकमध्ये टाकलं आणि सॅक लांब ठेवून आली. शिकण्याची वृत्ती आहे. ड्रोनने अजून पुरती बिघडलेली नाही.

मग माझी पद्धत दाखवली. कंपास पोटाशी घट्ट धरायचा, म्हणजे हात थरथरत नाही. हे मला माझ्या गुरूंनी शिकवलं. त्यांचंही पोट चांगलं होतं.

सुईचं लाल टोक उत्तरेला जायचं, ते गर्रकन फिरून माझ्याकडे आलं. तिच्या कंपासमध्ये दुसरंच काही. तिला म्हटलं, अनुभव म्हणतात तो हा.

१२ जानेवारी

दिवसभर एकटा फिरलो. 

गेल्या वर्षी मी नुसता आकडा वाचून पुढे जायचो, सुई कुठे बघते ते बघत नव्हतो. यंदा बघितलं. या टेकडीवर सुई उत्तर दाखवतच नाही. मी जिथे उभा राहीन तिथे, माझ्याच बाजूला ओढली जाते. झऱ्यापाशी तेच. माथ्यावर तेच. झाडामागे लघवीला गेलो, तिथेही तेच.

याचा अर्थ एकच. माझ्या पायांखाली लोखंड आहे. पाय जातील तिथे आहे. अख्खी टेकडी पोटात लोहखनिज घेऊन बसली आहे, आणि जुन्या नकाशात इथे साधा वाळूचा दगड दाखवलाय. तो नकाशा साहेबांनी तरुणपणी केला होता. त्यांना हे फार जपून सांगावं लागेल. आनंद चेहऱ्यावर दिसता कामा नये.

आरशासमोर प्रयत्न केला. दिसतो.

१३ जानेवारी

जेवताना चमचा हरवला. खानसामा म्हणाला, तुम्ही आल्यापासून हा तिसरा. त्याच्यावर तोंड टाकलं. मग ड्रायव्हर अदबीने म्हणाला, की साहेब, चमचा तुमच्या पोटावर आहे. खरंच शर्टाला चिकटला होता. उरलेले दोन धुवायच्या शर्टांच्या ढिगात मिळाले. इथे भांड्यांवरचं खरकटं नीट काढत नाहीत, त्याशिवाय चमचा चिकटेल कशाला. खानसाम्याला पुन्हा तंबी दिली.

१५ जानेवारी

टेकडीवरून एकट्याने चालत परत यायचं ठरवलं. ड्रायव्हर जीप घेऊन थांबतो म्हणाला, पण जिऑलॉजिस्टला रस्ता कसला विचारायचा. रेस्ट हाउस दक्षिणेला. कंपास पोटाशी धरला. लाल टोक माझ्याकडे, म्हणजे मागे उत्तर, समोर दक्षिण. सुटलो.

मध्ये वाट वळली. पुन्हा बघितलं, समोर दक्षिणच. कुंपण आलं म्हणून काटकोनात वळलो. तरी समोर दक्षिणच. इतका अचूक मी आयुष्यात चाललो नव्हतो.

वीटभट्टीवाल्याने पाणी दिलं आणि रेस्ट हाउस टेकडीच्या पलीकडे राहिल्याचं सांगितलं. ड्रायव्हर न्यायला आला. वाटेत एकदाच शिट्टी वाजवली.

निष्कर्ष उघड आहे. साठा वीटभट्टीपर्यंत पसरलाय. नकाशावर क्षेत्र वाढवलं.

१८ जानेवारी

रिपोर्ट पाठवला. ड्रिलिंग मशीन मागवलं आहे. ड्रोनबाई म्हणाली, की सर, माझी सुई सगळीकडे उत्तरच दाखवते, पाठवण्याआधी दोघांनी मिळून एकदा बघू या का. ठरल्याप्रमाणे वाद घातला नाही. फक्त अर्धा तास समजावलं. म्हटलं, काही सुया तरुण असतात, त्यांना खोलातलं कळत नाही. ती ड्रोनची बॅटरी चार्जिंगला लावायला गेली. पटलं असणार.

हिला फोनवर बातमी दिली. ही म्हणाली, ते लोखंड जाऊ दे, कंबर कशी आहे. तेव्हा लक्षात आलं, कंबर अजिबात दुखत नाहीये. यश अंगी लागतं ते असं.

२२ जानेवारी

साहेबांचा फोन. स्वतः येतायत, मशीन घेऊन. माझ्याच नकाशावर तुम्ही काट मारलीत, म्हणाले, आणि हसले. विचारलं, मग म्यूझियमचं? तर म्हणाले, लोखंड निघालं तर तुम्हाला फील्डवरून कोण हलवतंय.

निघालं नाही तर, हे त्यांनी विचारलं नाही. मीच मनात विचारलं.

इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो. मला त्या तळघराची भीती वाटते. गेल्या वर्षी एक नमुना ठेवायला खाली गेलो होतो. खिडकी नाही. आधीचे म्यूझियमवाले टेबलावर डोकं टेकून झोपले होते आणि त्यांच्या बाहीवर कुणीतरी गमतीने नंबर चिकटवला होता. मला उन्हात राहायचंय. गुडघे गेले तरी चालेल, पण दगड त्याच्या जागेवर भेटला पाहिजे.

असो. लोखंड निघणारच आहे.

२८ जानेवारी

उद्या साहेब. शर्टाला इस्त्री केली. दोन शब्द बोलायला सांगतील म्हणून दोन पानं तयार केली. त्यात साहेबांच्या जुन्या नकाशाचा उल्लेख मोठ्या मनाने केला आहे.

उद्यापुरता पट्टा काढून ठेवावा का, असा विचार आला. पण साहेबांसमोर कमरेत वाकून चालणं बरं दिसत नाही. उलट एक भोक आवळूनच बांधीन.

२९ जानेवारी

नोंद ठेवायची म्हणून ठेवतो.

मशीन आलं. साहेबांनी विचारलं, पहिलं भोक कुठे पाडायचं. मी म्हणालो, कुठेही. त्यांनी आपला कंपास काढला. सुई उत्तरेला. मी माझा काढला. सुई माझ्याकडे. कंपास बदलून पाहिले. त्यांचा माझ्या हातात, सुई माझ्याकडे. माझा त्यांच्या हातात, उत्तरेला.

 मग साहेबांनी कंपास एका दगडावर ठेवला आणि मला सांगितलं, की याच्याभोवती एक फेरी मारा, जवळून. मी मारली. सुई माझ्याबरोबर फिरली. उलटी मारा म्हणाले. सुई उलटी फिरली. मशीनवाले काम सोडून बघत होते. ड्रायव्हर खाली वाकून जीपचं चाक तपासायला लागला. चाकात काही बिघाड नव्हता.

साहेब म्हणाले, रिपोर्ट चुकीचा नाही, लोखंड आहे, फक्त ते टेकडीच्या पोटात नाही. आणि शर्टाच्या आत काय आहे असं विचारलं. म्हटलं, पट्टा. पट्ट्यात काय आहे? मी सांगितलं. सांगता सांगता माझं मलाच ऐकू आलं.

ड्रोनबाई हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

मशीन परत गेलं. भाषण खिशातच राहिलं.

३० जानेवारी

शांतपणे विचार करता यात दोष मेहुणीचा आहे. वेष्टनावर सूचना हवी होती. त्यातून सीझन एकच वाया गेलाय, टेकडी काही पळून जात नाही. हे सगळं साहेबांना नाश्त्याच्या टेबलावर पटवत आणलं होतं. तेवढ्यात हिचा फोन आला. हात बटरने भरले होते म्हणून स्पीकरवर घेतला. झालेला प्रकार थोडक्यात सांगितला, तर ही म्हणाली, अहो, पट्ट्याला कशाला नावं ठेवता, गेल्या सीझनला अख्खे तीन महिने तोच बांधून होतात की.

साहेबांनी कप खाली ठेवला. केबिनमधली फ्रेम त्यांना आणि मला एकदमच आठवली असावी. ते कवायतीला उभे असलेले थर.

३ फेब्रुवारी

ऑर्डर आली. म्यूझियम टळलं.

गेल्या वर्षीचा सगळा भाग पुन्हा मोजायचा आहे, आणि मी कुठे कुठे उभा राहून रीडिंगं घेतली ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. म्हणजे शेवटी अनुभवाला पर्याय नाही, हे ऑफिसने मान्य केलं. ऑर्डरमध्ये प्रमुख म्हणून ड्रोनबाईचं नाव आहे आणि माझ्यापुढे सहायक असा शब्द आहे. माझा कंपास जमा करायला सांगितला. दिला. देताना लाल टोक सरळ उत्तरेला होतं.

पट्टा सुटकेसमध्ये. कंबर ठणकते आहे. हिला सांगितलं नाही.

१० फेब्रुवारी

गेल्या वर्षीच्या कड्यापाशी पोचलो. इथले थर मी उत्तर-दक्षिण दाखवले होते. डोळ्यांनी पाहिलं तर ते चांगले आडवे-तिडवे वळलेत, कुणालाही दिसतील असे. छान वळलेत. हातोडी टेकवून जरा वेळ बघत उभा राहिलो. ऊन होतं.

ड्रोनबाईने हाक मारली, सर, जरा कड्याला लागून उभे राहता का. मला वाटलं, माझं मत हवंय. गेलो. थरांबद्दल बोलायला सुरुवात केली, तर म्हणाली, अजून थोडं मागे, पाठ टेकवा, आता हलू नका. तिचं ड्रोन वर गेलं. मी विचारलं, हाताची घडी घालू का. म्हणाली, हात खालीच बरे, आकार नीट कळतो.

मग ती टेप घेऊन आली. टाचेपासून डोक्यापर्यंत धरला. पाच फूट चार. मी म्हटलं, टेप सैल धरला असेल. तिने पुन्हा ताणून धरला. पाच फूट चार. तिने तेच लिहून घेतलं.

रिपोर्टात नाव येणार का, असं विचारणार होतो. पण टेपचं खालचं टोक धरून ड्रायव्हर बसला होता, म्हणून नाही विचारलं.