बायकांची पट्टी

२ नोव्हेंबर १९५८, रविवार

आज उपासनेत पुन्हा तोच प्रकार! पुरुष चार, बायका सात — आणि ऐकू कोण येतं? मी एकटा. पाळकसाहेब जाता जाता म्हणाले, "करणसिंग मास्तर, बायका गात होत्या ना?" टोमणाच तो. नाताळ तोंडावर आला. नवापूरची, शहाद्याची मंडळी येणार. चौदा वर्षं हे गायनमंडळ मी चालवतोय. पेटी माझी, मेंढपाळांचं पद मी रचलेलं, त्याचं पहिलं कडवं मी एकट्यानं गायचं हा रिवाज. आणि बायकांची तोंडं शिवलेली!

घरी येऊन रमिलाला झापलं. पोटची पोर, तीही पुटपुटते. म्हणाली, "बाबा, आवाज घशातच राहतो हो." आईवर गेलीय. रेवाला जाऊन दोन वर्षं झाली, पण नऊ वर्षं मंडळात बसली आणि आवाज म्हणून नाही. शेवटी मीच तिला सांगितलं होतं, नुसते ओठ हलव. हलवायची बिचारी.

८ नोव्हेंबर, शनिवार

सरावाला नवी बाई. सोनीबाई. मिरची वाळत घालतात त्या पथारीवर देठ खुडायला जाते. लुगड्याला इतका ठसका की ढोलकीवाला उखा शिंकतच सुटला. वाचता येत नाही आणि म्हणे मंडळात घ्या! म्हटलं, बसा मागे. दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा सबंध पद पाठ! एक शब्द इकडचा तिकडे नाही. मला ते रचायला महिना लागला होता. आवाज मात्र इतरांसारखाच, दबलेला.

१५ नोव्हेंबर

संताप! सरावात ओरडलो, "तोंडात काय कोंबून आलात?" सगळ्या खाली बघायला लागल्या. ही सोनीबाई सरळ माझ्याकडे बघून म्हणते, "मास्तर, पेटी तुमना गळाले लागू शे. आमना गळा वर शे. वर ल्या ना!" वर आणखी — "लगीनमा बायाच गीत उचलतस. मानूस नुसता ढोल वाजाडस."

सगळ्या फिदीफिदी हसल्या. रमिलासुद्धा! चौदा वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं. पेटी मिटली नि घरी आलो. मला शिकवते!

१६ नोव्हेंबर

उपासनेत मुद्दाम माझीच पट्टी धरली, काळी एक. बायका पुटपुटल्या.

२२ नोव्हेंबर

केलं बुवा तिच्या म्हणण्यासारखं. तिला तोंडघशी पाडावं म्हणूनच केलं, खोटं कशाला लिहू? काळी एक सोडून एकदम काळी चार. एवढ्या वरच्या पट्टीत पेटी कधी धरलीच नव्हती. म्हटलं, घ्या, गा आता!

आणि सोनीबाईनं उचललं. देवा रे! काय तो आवाज! जोर नाही, आटापिटा नाही, सहज. उखाची थाप चुकली. मग एकेक करून बाकीच्या सात जणी. रमिला — माझी रमिला! — डोळे मिटून, मान वर करून गात होती. पत्र्यावरची कबुतरं उडाली. मी भाता मारायचाच विसरलो आणि पेटी मध्येच बंद पडली, तरी बायका थांबल्या नाहीत.

चौदा वर्षं मी माझ्या गळ्याच्या सोयीनं पट्टी धरली आणि वर त्यांनाच रागावलो. गाढव मी.

२९ नोव्हेंबर

आता ही अडचण. काळी चारात मला गाता येत नाही. वर गेलो की आवाज फाटतो, खाली उतरलो की विहिरीतून बोलल्यासारखा. घरी दार लावून तीनदा करून पाहिलं. उखा म्हणाला, "पहिलं कडवं तुमच्या पट्टीत, पुढचं त्यांच्या." तेही करून पाहिलं, नुसता गोंधळ. म्हणजे एक तर मी गाईन, नाहीतर त्या.

पण पहिलं कडवं माझं आहे. माझं!

६ डिसेंबर

ठरत नाही. जेवण जात नाही.

१३ डिसेंबर

सांगून टाकलं एकदाचं. पहिलं कडवं सोनीबाई गाणार. ती म्हणाली, "आनि तुम्ही?" मी म्हटलं, "मानूस नुसता वाजाडस!" खो खो हसली. म्हणते, "मंग नीट वाजाडा बरं!" बाईची जीभ!

घरी आल्यावर जरा वाईट वाटलं. जरा नव्हे, बरंच.

२५ डिसेंबर, गुरुवार. नाताळ

देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. सोनीबाई धुतलेलं हिरवं लुगडं नेसून आली होती. बोटं मिरचीनं अजून जळत होती, चुकून डोळ्याला लागू नयेत म्हणून हात मांडीखाली दाबून बसली. मी काळी चार दिली. ती गायली आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प झाली. मग आठही बायका. काय लिहू? माझंच पद, पण मी ते आज पहिल्यांदा ऐकलं. इतकं चांगलं आहे हे मला ठाऊक नव्हतं!

नवापूरच्या पेटीवाल्यानं विचारलं, "या बायका कुठून आणल्या हो?" म्हटलं, "इथंच होत्या." पाळकसाहेबांनी सोनीबाईला सगळ्यांदेखत हात जोडले. एवढा अभिमान मला माझ्या गाण्याचा कधी वाटला नव्हता.

सवय जात नाही. सबंध पदभर मी नुसते ओठ हलवत होतो.

२६ डिसेंबर

सकाळी रमिला जात्यावर आईचं गाणं गात होती. म्हणाली, "आई एवढ्या वरूनच उचलायची." मी शाळेच्या वह्या तपासायचो आणि आतून तिच्यावर ओरडायचो — हळू! आज पेटी काढून सूर शोधला. काळी चार.

रेवाला आवाज होता.