दोन तोंडांची चूल

४ नोव्हेंबर २००३, धामापूर
ओरोसचं सरकारी क्वार्टर सोडून काल या जुन्या घरात आलो. कौलं शाबूत, पडवी ऐसपैस, आणि स्वयंपाकघरात मातीची मोठी चूल! सुभद्रेला संधिवात. न्हाणी भिंतीपलीकडे, कढत हंडा उचलून तिथवर नेताना माझी कंबर जाईल. म्हटलं, भिंत फोडून चुलीला पलीकडूनही तोंड करू. एका जाळावर इकडे पेज, तिकडे पाणी. सुभद्रा हसून म्हणाली, निवृत्त झाल्यावर इंजिनेर झालात की!

७ नोव्हेंबर
सत्यवान गवंडी आला. न्हाणीतलं तोंड दक्षिणेला येतं म्हणून कुरकुरला. काकानु, ती मेलेल्यांची दिशा, चुलीचा तोंड थंय नको, म्हणाला. मी म्हटलं, बाबा, गुडघे हिचे दुखतात, यमाचे नाहीत. काम चोख केलंन, पण चहाला थांबला नाही.

९ नोव्हेंबर
चूल पेटली, हंडा तापला. सुभद्रा न्हाऊन आली ती काठीशिवाय! नऊ वर्षांचं दुखणं एका आंघोळीत गेलं. भगवतीला नारळ बोललो.

१२ नोव्हेंबर
सुभद्रेच्या पायात काच रुतली, उंबऱ्यापर्यंत रक्त. हिला पत्ताच नाही. पायाखाली जमीन लागत नाही म्हणते. चूल विझवली तरी हंड्यातलं पाणी कढतंच.

१४ नोव्हेंबर
पाय गार. तेल चोळलं, कळत नाही म्हणते. बधिरपण कमरेपर्यंत चढलंय. डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली, तीही कळली नाही. हिला फक्त आंघोळ हवी. दिवसातून तीनदा.

१५ नोव्हेंबर
चिरे लावून पलीकडचं तोंड मीच बुजवलं. उजव्या हाताची कातडी सोलली. भाजला असावा. दुखत नाही.

१६ नोव्हेंबर, सकाळ
चिरे न्हाणीत पडलेत. आतून ढकलल्यासारखे. हंडा काठोकाठ. मी भरला नाही.
सुभद्रा पाटावर. आजूबाजूला माणसं, ओलेती. ओळखीचं कोणी नाही. मयताला घालतात तसा एकेक तांब्या — रडत कोणीच नाही. मलाही रडू येत नाही.
ती जिवंत आहे. बघते माझ्याकडे.
म्हणते, शेवटचो तांब्यो तुम्हीच घाला.
नको म्हटलं. तो घातला की ही त्यांच्यातली. न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून राहिलो. डाव्या हाताने लिहितोय. उजवा बधिर, कधीचा —
पाण्याचा आवाज. उजव्या हातात तांब्या. भरलेला. मी नाही —
हात वर जातोय. सुभद्रे, सरक गो, मागे सर, हा माझा हात नाही, हा