जागचा न हललेला डाग

गुरुजी, तुम्ही असता तर आधी पोट धरून हसला असता. पन्नाशीला टेकलेला तुमचा विद्यार्थी, परभणीच्या एका कचेरीत दिवसभर फायली हलवणारा, संध्याकाळी घरी येऊन कॉम्प्युटरवर अंतराळयान चालवतो. गेम खरं तर मुलीचा, पण नाद मला लागलाय. कुणी न गेलेल्या कोपऱ्यात जायचं, दिसेल ते नोंदवायचं आणि नोंद घेऊन तळावर परत यायचं. वाटेत यान फुटलं की सगळी मेहनत पाण्यात. सुखरूप पोचलात तर पहिल्यांदा बघणाऱ्याचं नाव त्या जागेखाली लागतं. गेल्या आठवड्यात मला एकमेकांभोवती फिरणारी दोन कृष्णविवरं सापडली. ती स्वतः दिसत नाहीत, मागचे तारे तेवढे हलतात, तापलेल्या तव्यावरच्या हवेतून पलीकडची भिंत हलावी तसे. अशी जोडी लाखात एखादी. जीव मुठीत धरून मी परत आलो आणि त्या जागेखाली नाव लागलं. माझं नाही, तुमचं. गेममध्ये शिरताना एक नाव घ्यावं लागतं, ते मी तुमचं घेतलं होतं.

का घेतलं, ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

सोनपेठकडची आपली शाळा, सातवीचा वर्ग. मधल्या सुट्टीत तुम्ही खिडकीत ती दोन नळ्यांची दुर्बीण बांधताय, एक नळी पुठ्ठ्यानं झाकलेली, आणि दुसरीतून सूर्य खालच्या पांढऱ्या कागदावर उतरतोय, पुरीएवढा. त्याच्यावरचे डाग वहीतल्या गोलात पेन्सिलीनं टिपायचे, रोज एक गोल. ते काम तुम्ही माझ्याकडे दिलंत आणि पहिल्याच दिवशी दम भरलात, "ढग आला तर ढग लिव. बघितलं न्हाई तर बघितलं न्हाई, आसं लिव. त्यात लाज न्हाई. पर न बघता ठिपका द्यायचा न्हाई." मी मान डोलावली. पुढं तुम्ही आठवडाभर ट्रेनिंगला गेलात, दुर्बीण माझ्या भरवशावर ठेवून. बाहेर पोरं क्रिकेट खेळायची. सहा दिवस मी खिडकीकडे फिरकलोसुद्धा नाही. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी एका बैठकीत सहा गोल भरले, आणि खोटं पकडलं जाऊ नये म्हणून सगळ्यांत डाग अगदी एकाच जागी दिला, पट्टीनं मोजून. सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्याचा डाग रोज थोडा सरकतो, हे तुम्ही शिकवलं होतंत. मी तेव्हाही बाहेरच बघत असणार.

तुम्ही वही बघितली, सहाही गोलांवरून बोट फिरवलंत. दुसरे एक सर म्हणाले, "पोरानं मनानंच काढलं आसंल." तुम्ही त्यांच्यावर चिडलात. "लेकरू खोटं कशाला लिवल? डाग हलंना, म्हंजे भिंगालाच कायतरी चिकटलंय." आणि त्या दुपारी तुम्ही दुर्बीण खोलली. भिंगं धोतराच्या सोग्यानं पुसलीत, परत बसवलीत, पुन्हा खोललीत. मी शेजारी उभा राहून तुमच्या हातात स्क्रू देत होतो. तोंड उघडायला तेव्हा एक क्षण पुरला असता. त्यानंतर कागदावर सूर्य आला तो फिसकटलेला, कडा नसलेला. तुम्ही चार-पाच दिवस खटपट केलीत आणि मग दुर्बीण कपाटात गेली. बदली झाली तेव्हा वही मलाच देऊन गेलात. "तूच नेमानं लिवलास," म्हणालात. या वाक्याची मला अजून शरम वाटते, गुरुजी.

तुमचं नाव लावून थोडी फेड होईल असं वाटलं होतं. पण स्क्रीनवर ते वाचलं आणि चपराक बसावी तसं झालं. 'पहिल्यांदा पाहिलं' असं लिहिलंय आणि पुढं तुमचं नाव. तुम्ही कुठं पाहिलंत? म्हणजे तुमच्या नावानं मी आणखी एक न बघितलेला ठिपका दिला.

मुलगी मागं येऊन उभी राहिली. "पप्पा, हे कोण?"

"माझे गुरुजी. दुर्बिणीतून आम्हाला सूर्य दाखवायचे."

"ती दुर्बीण कुठंय आता?"

"बिघडली. त्यांच्या हातून पडली."

इतकी वर्षं गेली आणि खोटं अजून तितक्याच सहज जिभेवर येतं. ती "अरेरे" म्हणाली, तुमच्यासाठी. आज रजा टाकून इथवर लिहिलं, मग ती वही काढली, त्या सहा गोलांच्या पानात हा कागद ठेवला आणि तिच्या टेबलावर ठेवून आलो. तिची शाळेची रिक्षा दारात थांबल्याचा आवाज आला, तसा पळत जाऊन वही उचलून आणली.