बहिणीच्या वाट्याचा पाव

नारळी पौर्णिमेची आदली संध्याकाळ, २००४

वाचनालयात आज त्या कादंबरीवर चर्चा झाली. नाझींच्या छळछावणीतून एक मुलगी जगून परत येते, मरणाऱ्या बहिणीच्या वाट्याचा पाव खाऊन. निवृत्त हेडमास्तरांना त्यात मानवी जिद्द दिसली. डॉक्टरीणबाई रडल्या, मग दोन बटाटेवडे खाल्ले. वाचताना मीही रडले होते, खोटं कशाला लिहू.

घरी जाऊबाईंनीही ते पुस्तक वाचलंय. जेवायला बसल्यावर म्हणाल्या, “भयणीचो पाव खाऊन जगलां तां चेडू. तुझ्या घोवान काय केल्यान गो?”

दोघा भावांची होडी समुद्रात उलटली तेव्हा हे डिझेलचा रिकामा कॅन धरून परत आले. जाऊबाईंचे यजमान, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, आले नाहीत. त्या कॅनवर दोघं तरले असते का? या घरात कोणी विचारत नाही. मीही नाही. कॅन अजून पडवीत आहे, त्यात आम्ही रॉकेल ठेवतो.

मी म्हटलं, “वयनी, तुमका दोन येळ जेवूक तेच घालतत मा?”

वाटलं, ताटावरून उठतील. उठल्या नाहीत. भात मागून घेतला. मी वाढला.

हे ओटीवर उद्याच्या नारळाला सोनेरी कागद लावत होते. तिथे सगळं ऐकू जातं. मी पुस्तक घेऊन बाहेर गेले तर त्याकडे बघून ह्यांनी विचारलं, “शेवटाक तां चेडू जगतां?”

“जगतां.”

“मगे माका वाचूक नको.”